बोलायचं नाही, असं ठरलं होतं

सुदाम,

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही टाळलं. माझ्या हातात माइक होता, समोर आपली सगळी माणसं होती, पहिल्या रांगेत कमल आणि तुमची मीनल बसली होती. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या शाळेत तू कसा होतास ते मी सांगितलं. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात तू कोटावर कोट चढवून ड्रायव्हिंगच्या परीक्षेला गेलास आणि तुला स्टिअरिंगच फिरवता येईना, ते सांगितलं. लोक हसले. कमलही हसली. नंतर चहाच्या टेबलाशी कुणीतरी म्हणालं, "काका, छान बोललात." मी छानच बोलतो. तुझं नुकसान त्यानंच झालं.

आता मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा म्हणून मुलं मागे लागली आहेत. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे दुसरं कुणीही लिहील. मी तेवढं विहाराचं लिहितो. तू त्या विहारात जायचं का सोडलंस हे आपल्या लोकांना जसं ठाऊक आहे तसं ते घडलेलं नाही.

विहार आपल्याला मिळाला तो तुझ्यामुळे, इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. कसा मिळाला हे थोड्यांनाच. तू इस्पितळात रक्त काढायच्या कामावर होतास. कंबोडियातून निर्वासित होऊन आलेली एक बाई तुझ्यासमोर बसली. सोखा तिचं नाव. तू सुई टोचलीस तशी तिनं डोळे मिटून त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. बुद्धं सरणं गच्छामि. दुसरी ओळ तू म्हटलीस. तिनं डोळे उघडून आधी तुझ्याकडे आणि मग हातातल्या सुईकडे पाहिलं, आणि तिला रडू आवरेना. हे मला सांगताना तू म्हणाला होतास, "मोतीभाऊ, मले वाटलं सुई चुकीच्या जागी गेली."

तेव्हापासून ती तुझी माय. तिच्या लोकांनी शहराच्या उत्तरेला एक जुनं घर घेऊन विहार केला होता. खालचा हॉल त्यांनी आपल्याला दिला. शॉमबर्गच्या उपनगरातून आपण सगळे गाड्या काढून जायचो, जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, दीक्षेच्या दिवसाला. आपली मुलं त्यांच्या मुलांबरोबर इंग्रजीत भांडायची. मी अध्यक्ष होतो, भाषण करायचो, आणि त्यांची एक कॉलेजातली मुलगी माझं इंग्रजी भाषण त्यांच्या म्हाताऱ्यांना समजावून सांगायची. तू मात्र स्वयंपाकघरात असायचास. त्यांची भाषा तू तिथंच भाज्या चिरताना शिकलास, बहुतेक सारीनकडून.

सारीन विहारात स्वयंपाक करायचा. मान खाली, काम चोख, बोलणं नाही. तिकडे कंबोडियात लाखो माणसं मारणाऱ्या काळ्या कपड्यांतल्या लोकांचं राज्य असताना तो त्यांच्याकडून होता, अशी कुजबुज होती. तो आला तेव्हापासून होती, पण कुणी तोंडावर आणत नव्हतं. मग पॅरिसला तहावर सह्या झाल्या. एकमेकांचा जीव घेणारे त्यांचे चारही गट एका टेबलाशी बसले, आणि त्यांत काळ्या कपड्यांतलेही होते. बातमी ऐकून तू पेढे आणलेस. आम्हाला वाटलं, झालं, यांचं युद्ध संपलं.

विहारात मात्र ते तेव्हा सुरू झालं. अर्धे म्हणाले, तिकडे मोठ्यांनी सह्या केल्या, आता सारीनच्या हातचं खायला काय हरकत आहे. अर्धे म्हणाले, आमच्या मेलेल्यांनी सह्या केलेल्या नाहीत. सारीननं शिजवलेल्या भाताला ते शिवेनात. एक गट सकाळी येऊ लागला, दुसरा संध्याकाळी. विहाराचे प्रमुख भिक्षू, भंते, म्हातारे होते, मधे बसलेले असायचे, दोन्ही वेळा तेच सुत्त म्हणायचे.

तू वर्षभर दोन्हीकडे हेलपाटे घातलेस. दोन्हीकडे जेवून जेवून तुझं पोट सुटलं. कमल म्हणायची, "ह्यांचा समेट होईस्तोवर ह्यांचे शर्ट पुरायचे नाहीत." आणि एका संध्याकाळी तू माझ्या घरासमोर गाडी लावून आत न येता मलाच बाहेर बोलावलंस. मी तुझ्या शेजारी येऊन बसलो.

"माय तयार झाली," तू म्हणालास.

"कशाला?"

"एका रांगेत उभी राहाले. सारीनच्या मागं."

त्यांच्याकडे पावसाळा सरताना मेलेल्यांच्या नावानं भात द्यायचा सण असतो. भिक्षूंची पात्रं ओळीनं मांडतात, आणि लोक रांगेनं पुढे सरकत एकेका पात्रात चमचाभर भात घालतात. एकच हंडा, एकच रांग. त्या रांगेत दोन्ही गट उभे राहणार होते.

"पण तो कोण होता हे तिला माहीत आहे का?" मी विचारलं.

"हाय ना माहीत. तो मले स्वतः बोलला. पोरगा होता, उचलून नेला, अन् बांधावर बंदूक घेऊन उभा केला. लोक खाली माती खोदून राहिले, हा वर. मायचा नवरा असाच एका बांधावर खोदता खोदता गेला. तोच बांध का दुसरा, हे तीही विचारत नाही अन् तोही नाही. तिले समजलं हाय, हे त्यालेही समजलं हाय. तिची एकच अट हाय. कोणी बोलायचं नाही."

"हा कसला समेट, सुदाम? खरं बोलायचंच नाही म्हणजे घाव तसाच झाकून ठेवायचा."

"मग काय उघडा टाकायचा? माशा बसाले?"

मग मी दुसरा मुद्दा काढला. मेलेल्यांच्या नावानं भात म्हणजे श्राद्धच की. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही असं हात पुढे करून म्हटलं. दीक्षेच्या त्या मैदानात तू माझ्या शेजारीच उभा होतास. आता आपल्या मुलांसमोर आपण हे करायचं?

तू स्टिअरिंगवर बोटं वाजवत ऐकून घेतलंस. तू अखेरपर्यंत नागपूरचंच बोललास. मी ती बोली केव्हाच सोडली होती, आणि ती ऐकली की मला तू धाकट्यासारखा वाटायचास. तू म्हणालास, "तुम्ही नका घालू भात. पाहुणे म्हणून या. नुसते बसा. चूप बसाले जमते का तुम्हाले?"

"जमेल."

"आजवर तर नाही जमलं, बाप्पा."

दोघंही हसलो. ते आपलं शेवटचं मोकळं हसणं, असं मला आता वाटतं. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी हॉल भरलेला होता. भिक्षू बारानंतर जेवत नाहीत, म्हणून सगळं सकाळीच उरकायचं होतं. लांब टेबलावर पात्रं मांडली होती. उजवीकडून रांग आली, आणि तीत दोन्ही गटांची माणसं खरोखरच आळीपाळीनं उभी होती. तू भाताच्या हंड्यापाशी होतास. सारीननं पांढरा सदरा घातला होता. त्याच्यामागे माय. तिच्या हातात चमचा होता आणि चमच्यात भात होता.

आपली माणसं मागे खुर्च्यांवर होती. व्हिसावर नुकताच आलेला पुण्याचा एक तरुण माझ्या कानाशी लागला. "काका, हे पितरांना जेवण आहे ना? आपल्याला चालतं का हे? माझा मुलगा विचारतोय, मी काय सांगू?" त्यानं साधं विचारलं होतं. मी कानात उत्तर देऊ शकलो असतो. बाहेर नेऊन सांगू शकलो असतो. पण मी अध्यक्ष होतो, आणि आयुष्यभर मला एक सवय होती. लोकांना शंका आली की उठायचं आणि सगळ्यांसमोर खुलासा करायचा. आपल्यात चार माणसं जमली की कुणीतरी उठून भूमिका मांडतंच. मी उठलो.

मी म्हणालो, एक मिनिट. रांग थांबली. ती कॉलेजातली मुलगी सवयीनं माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तू हंड्यापासून माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस, अगदी थोडी. मी ते पाहिलं. मला ते दिसलं नाही असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं, पण मी ते पाहिलं होतं.

मी सांगितलं की हा भात मेलेल्यांसाठी नाही, आम्ही बौद्ध तसं मानत नाही. हा जिवंत माणसांचा समेट आहे. बांधावर ज्यांनी बंदूक धरली ते सारीन इथे उभे आहेत, आणि अशाच बांधावर ज्यांचा नवरा गेला त्या सोखा त्यांच्या मागे उभ्या आहेत. त्यांनी क्षमा केली आहे. पॅरिसच्या सह्यांपेक्षा हे मोठं आहे.

मुलीनं शेवटचं वाक्य सांगितलं आणि मी थोडा थांबलो. टाळ्यांसाठी थांबलो होतो, सुदाम.

मायनं चमच्यातला भात परत हंड्यात ओतला. चमचा टेबलावर ठेवला, पदर सावरावा तशी खांद्यावरची ओढणी नीट केली आणि दाराकडे निघाली. तिच्यामागून तिची माणसं एकेक करून तसंच करत गेली. कुणी आवाज चढवला नाही. सारीन हात जोडून होता तिथेच उभा राहिला. कुणाकडे पाहावं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो पात्रांकडे पाहत होता. बारा वाजून गेले आणि भंतेंच्या पात्रातला भात तसाच राहिला.

नंतर भंतेंनी विचारलं. त्यांचा प्रश्न मुलीनं मला इंग्रजीत सांगितला, "हे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि इथे बोलायचं कुणी ठरवलं?" मी तोंड उघडायच्या आत तू त्यांच्या भाषेत काहीतरी बोललास. मला त्यातला एक शब्द समजला नाही. पण तुझं बोट तुझ्याच छातीवर होतं. गुपित तूच मला सांगितलं होतंस, तेवढं खरं होतं. बोलायला तू लावलंस, हे खोटं होतं. मुलीचा चेहरा पाहून तू दोन्ही म्हणालास हे मला कळलं.

तेव्हा मात्र मला चूप बसणं जमलं.

परतताना गाडीत तू एवढंच म्हणालास, "हॉल लागते ना आपल्याले, मोतीभाऊ. पोरांची जयंती कुठं करू?" मी खिडकीबाहेर पाहत होतो.

सारीन रॉकफर्डकडे कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला निघून गेला. मायच्या लोकांनी वेगळं घर घेऊन वेगळा विहार केला. तुला सांगण्यात आलं की इथे येत जाऊ नकोस. आणि हॉल आपल्याकडेच राहिला. दर जयंतीला मी तिथल्या खुर्चीवर बसायचो, माझ्यासमोर हार यायचा, आणि तू घरी असायचास. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचास. आपलेच लोक बोलायचे. कुणी म्हणायचं, सुदामला शिंगं फुटलीत. कुणी म्हणायचं, मोठेपणासाठी त्यानं त्या गरीब माणसाचं गुपित फोडलं. हे माझ्यासमोर म्हणायचे. मी चहाचा कप खाली ठेवायचो आणि दुसरीकडे जायचो.

आता जे लिहितो त्याचा तुला राग येईल. पण मला तुझा राग होता, सुदाम. अजूनही आहे. तुला कुणी सांगितलं होतं माझं ओझं उचलायला? मला एक मिनिट दिलं असतंस तर मी बोललो असतो. बोललो असतो का, हे तूच काढून घेतल्यामुळे मला कधीच कळणार नाही. तू मला वाचवलंस असं तुला वाटलं असेल. मला तर तू माझ्याच खुर्चीत कोंडून गेलास. तुझ्या घरी आलो की कमल मला आधी वाढायची, आणि तू समोर बसून हसायचास, जणू काही झालंच नाही. मी विषय काढावा म्हणून वाट पाहत होतास का? मग विचारायचं होतंस. मला वाटायचं, तू विचारशील. तुला वाटलं असेल, मी सांगेन.

काही वर्षांनी तिकडे कंबोडियाच्या राजधानीत, ज्यांनी तहानंतर मिळून सरकार केलं होतं त्या दोन पंतप्रधानांच्या फौजा एकमेकांवर तुटून पडल्या, तेव्हा तुझा फोन आला. "टीव्ही पाहून राहिले का?"

"पाहतोय," मी म्हणालो. "मी सांगत नव्हतो? खरं न बोलता केलेला तह असाच फाटतो."

 तू म्हणालास, "तिथं तर सगळे बोलले, मोतीभाऊ. सह्या केल्या, भाषणं केली, फोटो काढले. न बोलता तर फक्त आपण करून राहिलो होतो."

मी फोन ठेवून दिला. त्या वादाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. नवऱ्याच्या मारेकऱ्यांतल्या एकामागे गुपचूप उभं राहावं लागणं हा न्याय आहे, असं मला आजही वाटत नाही. पण ते सोसायचं की नाही हे तिनं ठरवलं होतं. तिच्या हातात चमचा होता, माझ्या हातात नव्हता.

मग तुला मासेमारीचं वेड लागलं. दर रविवारी तू गळ घेऊन निघायचास. मी विचारायचो, "मासे कुठे आहेत?" तू म्हणायचास, "इकडचे मासे लई शिकलेले, गळ वाचून परत जातात." मी हसायचो. तू मला टाळतोस हे कळत होतं, आणि ते बरंही वाटत होतं.

इस्पितळात मी शेवटचा आलो तो ठरवून आलो होतो. गाडीत वाक्यं म्हणून पाहिली होती. कमल डब्यात मऊ भात ठेवून खाली गेली होती. "तेवढा भरवा त्यांना," म्हणाली. मी चमच्यानं भरवू लागलो. तू दोन-तीन घास घेतलेस, मान वळवलीस आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस.

"आज मोठे चूप आहात, मोतीभाऊ."

दार तू उघडं करून दिलं होतंस. मी चमचा डब्यात ठेवला, घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, पार्किंगचं मीटर संपेल, निघतो. पुढच्या वेळी आलो तेव्हा पलंगावरची चादर बदललेली होती.

तुझ्या अंत्यविधीला सारीन आला. मी त्याला ओळखलं नाही, इतका तो वाकला होता. मीनलनंच ओळख करून दिली, "काका, धिस इज डॅड्स फ्रेंड फ्रॉम रॉकफर्ड. दर संडेला डॅड ह्यांच्याकडे जायचे." मग थांबून म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

म्हणजे गळ, मासे, सगळं खोटं. इतके रविवार तू माझ्याशी खोटं बोललास, आणि ते तुझ्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. मला तिथेच, तुझ्या फोटोसमोर, संताप आला. मी सारीनला बाजूला घेतलं. मला बोलायचं होतं. त्यानंच माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मला माहीत आहे. तुमचा मित्र सांगायचा, 'माझ्या मित्राला फार वाईट वाटतं, त्याला इथवर येणं जमत नाही, त्याच्या वतीनं मी माफी मागतो.' पहिल्याच दिवशी सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं." माय गेल्याचंही त्यानंच सांगितलं. तिच्याकडेही तू माझ्या नावानं जाऊन आला होतास. तिनं ऐकून घेतलं होतं, एवढंच तू त्याला सांगितलं होतंस.

मी कधी म्हटलं नव्हतं की मला वाईट वाटतं. तुझ्यापुढे तर नाहीच. तरी तू ते घेऊन फिरलास, रॉकफर्डला, मायकडे, आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. माझ्या वाटची चूक तू घेतलीस, आणि माझ्या वाटची माफीही तूच मागून टाकलीस. माझ्याकडे काय ठेवलंस? फक्त एक उरली आहे, तीच, जी माझ्या नावानं मागायला तू कुणाकडे जाऊ शकत नव्हतास.

हे अंकात छापून येईल. कमल वाचेल. मीनलला मराठी नीट वाचता येत नाही, तिला कुणीतरी वाचून दाखवावं. विहारात जे बोललं गेलं ते मी बोललो होतो. सुदामनं बोलायला लावलं नव्हतं. भंतेंनी विचारलं तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो.

आणि सुदाम, त्या दिवशी मीटर संपायला अजून पुष्कळ वेळ होता. तू म्हणालास, आज मोठे चूप आहात. मी घड्याळ पाहायला नको होतं. चमचा खाली ठेवून मला म्हणायचं होतं, माझं चुकलं, मला माफ कर.